सहा सुती फळीला पाच सुती स्क्रू: मुंबईत मिळणाऱ्या फर्निचर स्क्रूंची पारख

कपाटाचं दार बंद करा आणि बाहेरच्या बाजूने हात फिरवा. बिजागरीच्या नेमक्या मागे सनमायकावर तांदळाच्या दाण्याएवढा उंचवटा बोटाला लागला, तर आत पाऊण इंची स्क्रू गेलाय हे दार न उघडताही सांगता येतं. फळी चांगली, बिजागरी नामांकित कंपनीची, सनमायका महागाचा, आणि दार बिघडवलं ते सगळ्यात स्वस्त वस्तूने. म्हणून ही पारख स्क्रूंची आहे. मुंबईच्या हार्डवेअर दुकानांत आणि ऑनलाइन जे प्रकार फर्निचरसाठी म्हणून विकले जातात, त्यांतला कोणता कुठे लावावा आणि तो किती लांबीचा असावा, हे इथे पाहू.

निकाल आधीच सांगतो. 18 मिमी प्लायच्या कपाटाला बिजागऱ्या आणि चॅनल, म्हणजे ड्रॉवर सरकवणाऱ्या पट्ट्या, बसवायचे असतील तर मुख्य माप एकच: 16 मिमी लांब, 6 नंबर, म्हणजे साडेतीन मिमी जाड. तो जस्ताचा मुलामा दिलेला चिपबोर्ड स्क्रू घ्यावा, आणि ओल लागणाऱ्या जागी 304 जातीचा स्टेनलेस. काळे स्क्रू फिटिंगला, म्हणजे बिजागरी-चॅनलला, लावू नयेत. वेगवेगळ्या मापांचा मिक्स डबा घेऊ नये.

मुंबईतला सुतार मिलिमीटरमध्ये नाही, सुतात बोलतो. आठ सूत म्हणजे एक इंच. 18-19 मिमीची फळी त्याच्या तोंडी सहा सुती, 12 मिमीची चार सुती, 6 मिमीची दोन सुती. स्क्रू मात्र दुकानात अपूर्णांकांत मागितला जातो: अर्धा, पाऊण, एक, सव्वा, दीड, दोन इंच. डब्यावर तेच 13, 19, 25, 32, 38, 50 असं छापलेलं असतं. घोळ होतो तो इथेच. पाऊण इंच म्हणजे सहा सूत. म्हणजे सहा सुती फळीला आपण सहा सुती स्क्रू मागतो. खरं लागणारं माप पाच सूत, म्हणजे 15.9 मिमी, डब्यावर 16. अर्धा आणि पाऊण यांच्या मधल्या या मापाला बोलीत पाव-अर्ध्यासारखं सुटसुटीत नाव नाही, त्यामुळे ते पटकन कोणाच्या तोंडी येत नाही. दुकानात गेलात की "पाऊण इंच" म्हणू नका, "सोळा बाय सहा" म्हणा.

आणखी एक सावधगिरी. जुन्या पद्धतीच्या डब्यावर लांबी आधी आणि नंबर नंतर येतो: 35×8 म्हणजे 35 मिमी लांब, 8 नंबर. मेट्रिक चिपबोर्ड स्क्रूच्या डब्यावर क्रम उलटा, जाडी आधी: 3.5×35 म्हणजे साडेतीन मिमी जाड, 35 मिमी लांब. नंबर आणि जाडीचा हिशेब असा की 6 नंबर 3.5 मिमी, 8 नंबर साधारण 4.2 आणि 10 नंबर साधारण 4.8. नंबर वाढला की स्क्रू जाड होतो, लांबीशी त्याचा काही संबंध नाही.

आता वजाबाकी. झाकलेल्या बिजागरीचा, म्हणजे 35 मिमीच्या वाटीवाल्या बिजागरीचा, फळीवर टेकणारा पत्रा साधारण सव्वा मिमी धरा. स्क्रूच्या लांबीतून पत्र्याची जाडी वजा केली की जे उरतं तेवढा स्क्रू फळीत जातो. 19 मिमीचा स्क्रू 17.8 मिमी आत जाईल. फळी "18"ची म्हटली तरी वर्निअर लावून पाहिली की अनेकदा अर्धा-पाऊण मिमी कमी भरते. समजा प्लाय 17.4, आतून 0.8चा लायनर, म्हणजे पातळ लॅमिनेट, आणि बाहेरून 1 मिमीचा सनमायका. एकूण झाले 19.2. त्यात 17.8 गेले की उरले 1.4, आणि त्यातला 1 मिमी सनमायकाच. म्हणजे टोकाच्या पुढे लाकूड उरलं 0.4 मिमी, शेवटच्या पापुद्र्याचा तोही तुकडाच. टोक तो पापुद्रा रेटतं, सनमायका फुगतो. मशीनने स्क्रू जरा जास्त आवळला, पत्रा लायनरमध्ये किंचित रुतला, की उरलेली जागाही संपते. तोच हिशेब 16ला करून पाहा: आत 14.8, शिल्लक 4.4. टोकापुढे किमान 3 मिमी शिल्लक राहावी हा आमचा नियम आहे, आणि 18च्या फळीत तो 16च्या स्क्रूनेच पाळला जातो.

मग पकड कमी पडणार नाही का? नाही. स्क्रूचं शेवटचं टोक, साधारण त्याच्या जाडीएवढं, निमुळतं असतं आणि ते काही धरत नाही. 19 मधलं जादा टोक जिथे पोचतं तिथे ते धरण्यापेक्षा फाडण्याचं काम जास्त करतं. पकड येते ती पूर्ण जाडीच्या आट्यांतून आणि योग्य मापाच्या पायलट भोकातून, म्हणजे स्क्रूआधी पाडलेल्या बारीक भोकातून. त्याचा हिशेब पुढे येतोच.

लांबी मोजायची रीतही माहीत हवी, कारण चपट्या डोक्याचा आणि गोल डोक्याचा 16 एकसारखा दिसत नाही. सीएसके, म्हणजे खाली निमुळतं होणाऱ्या चपट्या डोक्याचा स्क्रू, डोक्यासकट मोजतात. पॅन हेड, म्हणजे खालून सपाट असलेल्या गोल डोक्याचा, डोक्याखालून मोजतात. म्हणून पॅन हेडचा 16 हातात घेतला की लांब वाटतो. पण दोन्ही आपापल्या जागी नीट बसले की वजाबाकी तीच: लांबी उणे पत्रा. चूक होते ती सीएसके डोकं सपाट भोकात घातल्यावर. ते पूर्ण बसत नाही, वर राहतं, तेवढी लांबी वाया जाते आणि पत्र्याला फक्त भोकाच्या कडेवर टेकून राहतं. बिजागरीच्या भोकाला खोलगट कड असेल तर सीएसके, नसेल तर पॅन हेड.

16 मिमीचा प्री-लॅम, म्हणजे लॅमिनेट आधीच लावलेला, पार्टिकल बोर्ड असेल तर हिशेब बदलतो. तिथे 16चा स्क्रू 14.8 मिमी आत जाऊन फक्त 1.2 मिमी शिल्लक ठेवतो. त्याला 13चा घ्या, पण 6 नंबरऐवजी 8 नंबर, मोठ्या आट्यांचा. बिजागरीच्या भोकात 8 नंबरचं डोकं बसतं का हे आधी पाहा. चपट्या डोक्याचा व्यास स्क्रूच्या जाडीच्या साधारण दुप्पट असतो: साडेतीनला 7 मिमी, चारला 8. 7 मिमीसाठी केलेल्या खोलगट कडेत 8चं डोकं वर राहतं, बिजागरी मिटताना त्यावर टेकते आणि दार बंद होता होता उसळतं. बिजागरी खराब निघाली असं वाटून ती बदलली जाते आणि नवीही तेच करते. आधी डोक्यांवरून बोट फिरवा.

मॉड्युलर बॉक्समध्ये कडेपासून 37 मिमीवर, 32-32 मिमी अंतराने 5 मिमीची तयार भोकं असतील तर लाकडाचा स्क्रू तिथे घालू नका. ती भोकं युरो स्क्रूसाठी असतात: 6.3 मिमी जाड, 13 मिमी लांब, टोक बोथट, आटे रुंद. पार्टिकल बोर्डात बिजागरीची प्लेट, म्हणजे बॉक्सला लागणारा तिचा भाग, बसवायला याच्याइतकी चांगली वस्तू बाजारात नाही. 3.5चा स्क्रू 5च्या भोकात नुसता लोंबकळतो.

मधल्या उभ्या फळीची गोष्ट वेगळी आहे आणि ती फार कमी वेळा आधी लक्षात येते. तीन दारांच्या कपाटात मधल्या फळीवर डावीकडून एका दाराच्या आणि उजवीकडून दुसऱ्या दाराच्या प्लेटा येतात. दोन्ही समोरासमोर आल्या तर 14.8 आणि 14.8 मिळून 29.6 मिमी स्क्रू 18च्या फळीत मावणार कसे? टोकाला टोक भिडतं, दुसरा स्क्रू तिरका जातो किंवा पहिल्याला उचकटतो. लांबी कमी करून हा प्रश्न सुटत नाही. 10-10चे घेतले तरी टोकं जेमतेम सुटतात आणि पकड जाते. उपाय एकच, दोन बाजूंच्या प्लेटा वर-खाली सरकवणं. एका दाराची बिजागरी खालून 100 मिमीवर घेतली तर दुसऱ्याची 150वर. हे दाराला वाटीची भोकं पाडण्याआधी ठरवावं लागतं, नंतर काही करता येत नाही.

ड्रॉवरचे चॅनल. बॉक्सच्या 18च्या फळीवर 16चाच स्क्रू. ड्रॉवरच्या बाजूच्या फळ्या मात्र बहुतेक 12 मिमीच्या असतात, आणि तिथे तोच 16चा लावला की टोक ड्रॉवरच्या आत येतं. कपड्यांना, आणि त्याहून वाईट म्हणजे हाताला लागतं. 13चा लावला तर 11.8 आत, फळीला दोन्हीकडून लायनर असेल तर एकूण जाडी 13.6 आणि शिल्लक 1.8: चालून जातं, पण काठावर. नुसती 12ची फळी असेल तर 10चा घ्या, म्हणजे तीन सूत. चॅनलवर भार खाली ओढणारा असतो, स्क्रू बाहेर ओढणारा नसतो, म्हणून इथे 10ही पुरतो. संख्या कमी करू नका, लांबी कमी चालेल.

चॅनलला डोक्याची उंची लांबीइतकीच महत्त्वाची. टेलिस्कोपिक चॅनलला प्रत्येक बाजूला साधारण 12.7 मिमी, म्हणजे अर्धा इंच जागा सोडलेली असते, आणि आतली पट्टी डोक्यांच्या अगदी जवळून सरकते. जाड किंवा वर राहिलेलं डोकं तिला घासतं. ड्रॉवर निम्मा उघडून अडकतो, किंवा जोर लावल्यावर टक्क आवाज करून पुढे जातो, तर बॉल बेअरिंगला दोष देण्याआधी मागचा स्क्रू तपासा. बसवताना आधी लांबट भोकांत स्क्रू घालायचे, ड्रॉवर सरकवून उंची आणि समांतरता जुळवायची, आणि मगच गोल भोकातला स्क्रू लावून माप पक्कं करायचं.

हँडलला लाकडाचा स्क्रू लागत नाही, एम 4, म्हणजे 4 मिमी जाडीचा, मशीन स्क्रू लागतो, आणि त्याचा हिशेब उलटा: इथे वजाबाकी नाही, बेरीज. दाराची पूर्ण जाडी अधिक हँडलमध्ये जाणारे 5 ते 8 मिमी. 18ची फळी दोन्ही बाजूंच्या लॅमिनेटसह 20 मिमी झाली तर 25 ते 28. पाकिटातला 25चा चालतो. पण ड्रॉवरला पुढे वेगळी फळी लावलेली असली, 18 अधिक 12 अधिक लॅमिनेट, तर जाडी 32-33वर जाते आणि 25चा स्क्रू पोचतच नाही. तिथे 40 घ्या. पुढची आणि आतली दोन्ही 18च्या असतील तर 45. काही जण आतल्या फळीत मोठं भोक पाडून स्क्रूचं डोकं खोल बसवतात. तसं करू नका, तेवढ्याच जागेवर रोज ओढ बसते आणि पातळ फळी फुटते.

हँडलचा स्क्रू जास्त लांब झाला तर तो आतल्या भोकाच्या तळाला टेकतो, घट्ट झाल्यासारखा हाताला लागतो आणि हँडल मात्र हलत राहतं. जोर लावला की हँडलमधले आटे झिजतात, झिंक मिश्रधातूचं हँडल असेल तर लगेच. म्हणून बसवण्याआधी स्क्रू नुसत्या हाताने हँडलमध्ये तळापर्यंत फिरवा आणि बाहेर किती राहिला ते मोजा. तो आकडा दाराच्या जाडीपेक्षा एक-दोन मिमी कमी हवा. जरासा लांब असेल तर वॉशर घाला. भोक साडेचार ते पाच मिमीचं, सनमायकाच्या बाजूने आत पाडायचं, मागे टाकाऊ फळीचा तुकडा दाबून धरायचा, म्हणजे मागचा पापुद्रा उडत नाही.

आता प्रकारांची पारख.

बिजागरीच्या पाकिटात येणारे स्क्रू: एब्को, हेटिक, हाफेले, ब्लूम अशा कंपन्यांच्या फिटिंगसोबत स्क्रू आले असतील तर तेच वापरा. लांबी आणि डोकं त्या पत्र्याच्या हिशेबाने ठरवलेलं असतं. ते फेकून डब्यातले हाताला लागलेले लावण्याची सवय वाईट आहे. नग कमी पडले तर एक स्क्रू नमुना म्हणून दुकानात न्या.

काळे स्क्रू: हे मुळात जिप्सम बोर्ड पत्र्याच्या चौकटीला ठोकण्यासाठी बनवलेले. स्वस्त, टोकदार, मशीनवर सरसर जातात, म्हणून साइटवर सगळीकडे तेच असतात. फिटिंगला ते तीन कारणांनी बाद. एक, फार कडक आणि ठिसूळ असतात. दार रोज हलतं, आडवा ताण येतो आणि डोकं उडून जातं, खालचा भाग फळीत अडकून राहतो. दोन, त्यांचं डोकं तुतारीसारखं वळलेलं असतं आणि बिजागरीच्या सरळ उताराच्या कडेत ते नीट बसत नाही. तीन, काळा फॉस्फेटचा थर मुंबईच्या पावसाळी दमटपणाला टिकत नाही. सिंकखालच्या कपाटात हा स्क्रू लवकर तांबूस होतो आणि लायनरवर ओघळ सोडतो. तात्पुरतं जोडून धरायला, साचा बनवायला वापरा. दाराला नको.

जस्ताच्या मुलाम्याचे चिपबोर्ड स्क्रू, पिवळे किंवा पांढरे: कोरड्या खोलीतल्या कपाटासाठी आमची पहिली पसंती. आटे खोल आणि अंतराने असतात, दांडा बारीक असतो, प्लाय, ब्लॉकबोर्ड, एमडीएफ सगळ्यांत चांगले धरतात. 16, 20, 25, 30, 35, 40, 50 अशी मालिका मिळते, म्हणजे इंची मालिकेतल्या फटी इथे भरून निघतात. घेताना दोन-चार स्क्रू तळहातावर घेऊन खाच पाहा. खाच उथळ किंवा एका बाजूला सरकलेली असेल तर बिट, म्हणजे खाचेत बसणारं मशीनचं टोक, घसरेल. खाचेच्या चार फाट्यांच्या मध्ये आणखी चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझी आहे, त्याला पीझेड 2 बिट लागतो. साध्या स्टारला पीएच 2. दुकानात दोन्हींना "स्टार"च म्हणतात, आणि चुकीच्या बिटने खाच खाऊन टाकली की दोष स्क्रूवर येतो.

स्टेनलेस: स्वयंपाकघर, बाथरूम, समुद्राकडच्या खिडकीजवळचं फर्निचर यांना 304. दुकानात चुंबक लावून पाहा. घट्ट चिकटला तर तो 410 जातीचा किंवा साध्या लोखंडाला मुलामा दिलेला. चिकटला नाही तरी तो 304च असं समजू नका, 202ही असू शकतो, म्हणून बिलावर जात लिहून घ्या. 304 कडक पोलादापेक्षा मऊ असतो. सागात किंवा शिसवात पायलट भोक न पाडता रेटला तर मान तुटते.

पितळी: जुन्या सागवानी दारांना, पितळी बिजागऱ्यांना पितळी स्क्रूच. पितळेच्या मोठ्या पत्र्यात लोखंडाचा छोटा स्क्रू लावला की ओल लागताच तो झपाट्याने गंजतो, आणि सागावर काळा डाग पडतो तो वेगळाच. पितळ मऊ, म्हणून आधी त्याच मापाचा लोखंडी स्क्रू घालून आटे पाडून घ्या, तो काढा, मग पितळी स्क्रूला मेणबत्ती घासून हाताने बसवा. साबण लावू नका, तो ओल धरून ठेवतो. मशीन इथे अजिबात नको.

मिक्स डबा: ऑनलाइन मिळणारा, कप्प्याकप्प्यांचा, पाचशे-सहाशे नगांचा. दिसायला छान, कामाला निराशाजनक. मालिका सहसा इंची असते: 13, 19, 25, 32, 38. म्हणजे ज्या मापाचे कपाटाला सगळ्यात जास्त स्क्रू लागतात ते 16 त्यात नाही, आणि ज्याने दार फुगतं ते 19 भरपूर आहे. प्रत्येक मापाचे नगही एका कपाटाला पुरतील इतके नसतात. यादीत 16 मिमी स्पष्ट लिहिलेलं दिसलं आणि त्याचे किमान 50 नग असले तरच विचार करा.

पायलट भोकाचं माप चुकलं तर योग्य लांबीही वाया जाते. 3.5च्या स्क्रूला प्लायमध्ये 2 मिमी, सागात किंवा शिसवात 2.5. 4च्या स्क्रूला 2.5 आणि 3. 5च्या स्क्रूला 3 आणि 3.5. खोली स्क्रूपेक्षा दोन-तीन मिमी कमी, आणि त्यासाठी ड्रिल बिटला टेप गुंडाळून खूण करा. एमडीएफला पायलट भोक सोडूच नका. त्यात रेषा नसतात, स्क्रू आत शिरताना भुसा दाबला जातो आणि पृष्ठभाग भोकाभोवती फुगतो, कडेत घातला तर थर उघडतात. डब्ल्यूपीसी (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिळून केलेला) आणि पीव्हीसी बोर्ड हल्ली मुंबईच्या स्वयंपाकघरांत बरेच लागतात. त्यांना लांबी तीच ठेवा पण रुंद आट्यांचा स्क्रू घ्या आणि शेवटचे दोन फेरे हाताने द्या. मशीन तिथे क्षणात आटे फिरवून टाकतं. लाकडातही मशीनचा क्लच कमीत कमीवर ठेवून सुरू करा. इम्पॅक्ट ड्रायव्हर बिजागरीला वापरू नये.

फळीला फळी जोडतानाची लांबी थोडक्यात. 18ची फळी दुसऱ्या 18च्या कडेत जोडायची तर 50: 18 वरची, 32 कडेत. वरच्या फळीत स्क्रूच्या जाडीएवढं मोकळं भोक पाडा. नाहीतर पूर्ण आट्यांचा स्क्रू दोन्ही फळ्यांना एकाच वेळी धरतो आणि मधली फट आवळूनही मिटत नाही. पार्टिकल बोर्डाच्या कडेला 7×50चा कन्फर्मॅट, म्हणजे बोर्ड जोडण्याचा जाड स्क्रू, कडेत 5 मिमीचं भोक, वरच्या फळीत 7चं. मागच्या 6 मिमीच्या पाठीला 25चा पुरे.

घराच्या खोल्यांच्या दारांना हा हिशेब लावू नका. तिथे बिजागरी दाराच्या कडेला बसते, स्क्रू दाराच्या रुंदीच्या दिशेने जातो, म्हणून दार 30 मिमीचं असलं तरी लांबीला अडचण नाही. 4 इंची बिजागरीला 8 किंवा 10 नंबरचे 38 मिमी, जड दाराला 50. तिथे पाऊण इंची लावणं ही उलट दिशेची चूक: पावसाळ्यात दार फुगतं, चौकटीत अडतं, ओढाओढी होते आणि वरची बिजागरी सगळ्यात आधी सुटते. त्याच दाराला टॉवर बोल्ट, म्हणजे सरकती कडी, मात्र सपाट अंगावर लागतो, त्याला 19 किंवा 25.

भोक सैल झालं की पहिला विचार येतो लांब स्क्रूचा. 18च्या फळीत लांब जायला जागाच नाही हे वर आलंच. काडीपेटीच्या काड्या आणि फेविकॉल हा उपाय हलक्या दाराला काही काळ चालतो. नीट करायचं तर भोक 8 मिमीचं करून त्यात 8 मिमीची लाकडी खुंटी फेविकॉलने बसवा, 12 मिमीपेक्षा खोल नको, रात्रभर सुकू द्या, वरचं सपाट करा आणि 2 मिमीचं पायलट भोक पाडून तोच 16चा स्क्रू परत लावा. पार्टिकल बोर्ड पाण्याने फुगून भुसभुशीत झाला असेल तर खुंटीही धरत नाही. बिजागरी दोन-तीन इंच वर सरकवून नव्या जागी बसवावी लागते.

खरेदी. गल्लीतल्या हार्डवेअरवाल्याकडे सुटे मिळतात ही मोठी सोय, पण 16चं माप तिथे नसलं तर "एकोणीसचा चालतो" असं उत्तर येतं. चालत नाही, दुसरं दुकान पाहा. नागदेवी स्ट्रीटवर मापांची आणि धातूंची निवड सगळ्यात मोठी, मशीद किंवा सीएसएमटी स्टेशनहून चालत जाता येतं. 304चे लहान माप, पॅन हेड 10, एम 4चे 40-45 अशा अडलेल्या वस्तूंसाठी तिथेच जावं. बिजागऱ्या, चॅनल, हँडल आणि स्क्रू एकाच फेरीत घ्यायचे तर चर्नी रोडजवळचा सी. पी. टँक जास्त सोयीचा, कारण हँडल हातात घेऊन त्याच काउंटरवर स्क्रू फिरवून पाहता येतो. दोन्हीकडे रविवारी जाऊ नका.

जाताना फळीचा एक तुकडा, लॅमिनेट लावलेला, आणि एक बिजागरी सोबत न्या. किती नग घ्यायचे ते असं मोजा: सात फुटी दोन दारांना प्रत्येकी 4 बिजागऱ्या, एका बिजागरीला 4 स्क्रू, झाले 32. तीन ड्रॉवर, प्रत्येकी दोन चॅनल, बॉक्सच्या बाजूने चॅनलमागे 4, झाले 24. म्हणजे 16चे 56. शंभराचा एक डबा घ्या, तुटफूट धरून पुरतो आणि पुढे एखादी बिजागरी बदलताना तेच माप घरात असतं. ड्रॉवरच्या बाजूने चॅनलमागे 3, असे 10चे किंवा 13चे 18, ते सुटे दोन डझन. एम 4 हँडलमागे दोन, अधिक दोन जादा.